डावा कान, उजवा कान आणि आजींचा आवाज

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी तुमच्याच तालुक्यातली बचत गटांची सहयोगिनी. महिन्यातून एकदा या माईकपुढं बसते आणि बहुतेक वेळा कर्जफेड, नोंदवह्या, शेळ्यांचा विमा असलंच काहीतरी बोलते. आजचा विषय जरा वेगळा आहे. आपण मोबाईलवर गाणं रेकॉर्ड करतो, ते ऐकताना डबीत कोंडल्यासारखं वाटतं. तेच गाणं कॉम्प्युटरवर दोन्ही कानांत पसरवता येतं, मांडवात बसून ऐकल्यासारखं करता येतं, आणि त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ती कोणती, ती काय करतात, आणि ती हाताशी आल्यावर मी काय घोळ घातला, हे आज सांगणार आहे. घोळ ऐकायला सगळ्यांनाच आवडतं, म्हणून तो आधी.

गेल्या आषाढातली गोष्ट. नागपंचमीला आमच्या बालाघाटाच्या बाजूला बाया फेर धरतात, हे काही तुम्हाला सांगायला नको. रेडिओकेंद्रानं गटांना निरोप दिला होता, पंचमीची गाणी रेकॉर्ड करून पाठवा, सणाच्या सकाळी लावू. आमच्या गटात अकरा जणी. फेराची गाणी सगळ्यांनाच येतात, पण चार-चार कडवी. एक गाणं तर माहेरी न्यायला आलेल्या भावाचं, त्यात सून एकेकाची परवानगी मागत फिरते, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत येणारी गावात एकच बाई उरली आहे. आमच्या खजिनदारबाईंच्या सासूबाई. सगळं गाव त्यांना आजी म्हणतं. वय सत्तरीच्या पुढं, दम्याचा त्रास, पण त्यांच्याकडं त्या गाण्याची तेवीस कडवी आहेत. सासू, सासरा, जाऊ, दीर, नणंद, कोणी सुटत नाही.

आजींना देवळापर्यंत चालवत नाही. म्हणून आम्ही असं ठरवलं की त्यांचा आवाज घरीच घ्यायचा. पंखा बंद केला, कोंबड्या बाहेर काढल्या, पत्र्याच्या भिंतीला आवाज आपटून घुमू नये म्हणून दोन गोधड्या लटकवल्या. पालथ्या पायलीवर मोबाईल ठेवला. आजी उशीला टेकून गायल्या. मधे दम लागला की थांबायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या आणि जिथं सोडलं तिथूनच बरोबर उचलायच्या. दोन दिवसांनी बाकीच्या जणी मारुतीच्या देवळात जमल्या. आमच्यातली एक ढोलकी चांगली वाजवते. तिनं पदराखाली कानात इअरफोन घातला, त्यात आजींचं गाणं लावलं, आणि त्या ठेक्यावर ढोलकी धरली. तिनं मान हलवली की बाकीच्यांनी कडवं उचलायचं. इअरफोनमुळं आजींचा आवाज या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये उतरला नाही. म्हणजे माझ्याकडं दोन वेगवेगळी रेकॉर्डिंग आली. एकात फक्त आजी. दुसऱ्यात ढोलकी, टाळ आणि नऊ बाया. हे लक्षात ठेवा, पुढं याचाच उपयोग होणार आहे.

प्रभागसंघाच्या लॅपटॉपवर मी ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. आवाज कापायचं, जोडायचं, साफ करायचं काम त्यात होतं. सन २००० पासून ते लोकांना फुकट मिळतंय आणि अजून सुधारतंय. दोन्ही रेकॉर्डिंग त्यात एकाखाली एक ठेवली, ठेका जुळवला. ऐकलं तर सगळं नीट, पण आजींचा आवाज कपाळाच्या मधोमध चिकटल्यासारखा. मला तो मोठा करायचा होता. आवाजानं मोठा नाही, पसरट. मग एका व्हिडिओत एक युक्ती बघितली. आवाजाची आणखी एक प्रत काढा. एक प्रत डावीकडं टाका, एक उजवीकडं. आणि उजवीकडच्या प्रतीवर इन्व्हर्ट असं बटण दाबा. म्हणजे आवाजाची लाट उलटी करा. बस्स, आवाज रुंद.

केलं. रात्री अकराला हेडफोन लावून ऐकलं आणि अंगावर काटा आला. आजींचा आवाज डोक्यातून निघून खोलीभर झाला. मी तशीच एमपी-थ्री फाईल बनवली, रेडिओला पाठवली. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून कामाचा फोल्डर पुसला. मोबाईल भरला होता म्हणून त्यातली मूळ रेकॉर्डिंगही पुसली. झालं काम, आता कशाला ठेवायचं, असं वाटलं.

पंचमीच्या सकाळी पारावर सगळ्या जमल्या. आजींना खुर्चीवर बसवून आणलं. छोटा रेडिओ लावला. निवेदन झालं, आपल्या गावाचं नाव आलं, गटाचं नाव आलं, टाळ्या झाल्या. ढोलकी सुरू झाली. आणि आजींची ओळ यायची तिथं काहीच नाही. नुसती ढोलकी आणि टाळ. मग नऊ बायांचा आवाज, आणि पुन्हा रिकामं. कोणी विचारलेलं नसताना उत्तरं देत बसल्यासारखं ते गाणं तेवीस कडवी चाललं. आजींनी पहिली दोन-तीन कडवी कान पुढं केला. मग मला म्हणाल्या, "लेकी, माझा आवाज कुठं गेला गं?"

कोणी म्हणालं सेल उतरले असतील. पाठीमागून एक पुरुषमाणूस म्हणाला, "म्हातारीला काढून टाकलं वाटतं." हे वाक्य आमच्या खजिनदारबाईंनी ऐकलं, आणि त्यांना तेच खरं वाटलं. दम्याचा आवाज रेडिओवर बरा दिसत नाही म्हणून मी त्यांच्या सासूला कापलं. मी कितीही सांगितलं की हेडफोनमध्ये ऐकू येतंय, तरी पारावर कोणाकडं हेडफोन होता? पुढच्या मासिक बैठकीत चहा आला, माझ्यापुढं कप आला नाही. आणि श्रावणातल्या ओलीत आजींचा दमा वाढला. चार दिवस तालुक्याला सलाईनवर होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, बोलणंसुद्धा बेतानं. म्हणजे पुन्हा गाऊन घ्यायचा रस्ता बंद.

रेडिओकेंद्राचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांनी मी दिलं तेच लावलं. मग आवाज गेला कुठं? माझं बीए इतिहासातलं, विज्ञान दहावीला सुटलं. पण हे मला शोधणं भाग होतं.

आपल्याला दोन कान का दिलेत बघा. डोळे मिटून ओसरीवर बसलं तरी गाईच्या गळ्यातली घंटा कुठल्या बाजूला वाजली ते कळतं. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला किंचित उशिरा. किंचित म्हणजे किती? फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. शिवाय मधे डोकं असतं, त्यामुळं लांबच्या कानाला तो जरा दबलेला येतो. एवढ्यावरून मेंदू दिशा काढतो. स्टिरिओ म्हणजे हीच गंमत रेकॉर्डिंगमध्ये आणणं. डाव्या कानासाठी वेगळा आवाज, उजव्यासाठी वेगळा. इंग्लंडमधला ॲलन ब्लमलाईन नावाचा इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला होता म्हणे. पडद्यावर नट एका बाजूला आणि आवाज भलतीकडून येतोय, हे त्याला खटकलं. १९३१ साली त्यानं दोन वाहिन्यांच्या आवाजाचं पेटंट मागितलं. आज आपल्या कानातले इअरफोन त्याच वाटेनं आलेत.

मोनो म्हणजे एकच आवाज, दोन्हीकडं सारखा. आणि आपण बाया बहुतेक वेळा मोनोच ऐकतो. खुरपताना ओट्यात ठेवलेला मोबाईल, त्याला स्पीकर एकच. गिरणीतला रेडिओ एकच डबा. देवळावरचा भोंगा एकच तोंडाचा. एफएम रेडिओची व्यवस्था तर मुळातच अशी आहे की केंद्र आधी डाव्या आणि उजव्या आवाजाची बेरीज पाठवतं. ज्याचा रेडिओ स्टिरिओ आहे त्याच्यासाठी त्या दोघांतला फरक निराळा पाठवला जातो. साध्या रेडिओला तो फरक कळतच नाही, तो फक्त बेरीज वाजवतो. सामुदायिक रेडिओ लहान असतो, ५० वॅटची ताकद, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. लांबच्या वाडीवर खरखर आली की स्टिरिओ रेडिओसुद्धा पुष्कळदा गुपचूप मोनोवर येतो.

बेरीज हा शब्द मी वाचला, पण डोक्यात शिरला तो रोकडवहीवर बसले असताना. एका गटाच्या वहीत चुकून तेच पाचशे रुपये जमेलाही लिहिलेले आणि खर्चालाही. शिल्लक तंतोतंत जुळत होती. म्हणजे ते पाचशे वहीत दोन ठिकाणी दिसतात, पण शिलकेत त्यांचा पत्ता नाही. आणि मला घाम फुटला. आजींचा आवाज मी डावीकडं जमा लिहिला होता आणि उजवीकडं, उलटा करून, खर्चाला. हेडफोनमध्ये दोन्ही पानं वेगवेगळी वाचली जातात, म्हणून आजी दोन्हीकडं होत्या. रेडिओनं शिल्लक काढली. आजी बरोबर शून्य.

मग पुढचं सुचलं ते त्याच वहीमुळं. डावीकडं काय आहे? बाकीच्या बाया अधिक आजी. उजवीकडं? बाकीच्या बाया वजा आजी. दोन्हींची बेरीज केली तर आजी जातात, बाया राहतात. तेच तर गावानं ऐकलं. पण डाव्यातून उजवा वजा केला तर? बाया जातील, कारण त्या दोन्हीकडं सारख्या आहेत. आणि उरतील नुसत्या आजी.

माझ्याकडं मूळ काही उरलं नव्हतं, पण पाठवलेली ती एमपी-थ्री फाईल मेलमध्ये होती. ती ऑडॅसिटीत उघडली. डावा आणि उजवा ट्रॅक सुटा केला, त्याला तिथं स्प्लिट स्टिरिओ टू मोनो म्हणतात. उजव्यावर पुन्हा तेच इन्व्हर्ट दाबलं. दोन्ही एकत्र वाजवले. ढोलकी गेली. टाळ गेले. नऊ बाया गेल्या. आजी एकट्या गात होत्या. फार कान देऊन ऐकलं तर पलीकडच्या वाडीवर कोणीतरी ढोलकी वाजवतंय इतकंच, एमपी-थ्री करताना आवाजाची थोडी काटछाट होते त्याचं ते. आणि बेरीज ठेवली की बाया एकट्या. दोन्ही रेकॉर्डिंग मला परत मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन खजिनदारबाईंच्या घरी गेले. त्यांनी दारातच विचारलं, कशाला आलात. मी काही बोलले नाही, चौकटीशी बसून लॅपटॉप सुरू केला. घरात आजींचा आवाज सुरू झाला, आणि कडव्यानंतरची जागा रिकामी आली. दुसऱ्या रिकाम्या जागेत खजिनदारबाईंनी आतूनच ओळ उचलली. शेजारची आली, तिनं उचलली. आजी बाजेवर पडून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "दीर मी आधी घेतला. जाऊ आधी पाहिजे होती." मग चहा आला. या वेळी मलाही.

आता कामाचं बोलू. आवाज रुंद करायचा असेल तर करा, त्यात वाईट काही नाही. फक्त काय होतंय ते समजून करा.

पहिली गोष्ट, मोबाईलवर एकाच माईकनं घेतलेल्या आवाजात डावं-उजवं मुळात नसतंच. पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी वाढवतो ना, तसं सॉफ्टवेअर आहे त्याच आवाजातून दोन बाजू बनवतं. बनवायच्या रीती वेगवेगळ्या. एक मी केली ती, उलटवण्याची, ती मुख्य आवाजाला कधीच करू नका. दुसरी उशिराची. एक प्रत डावीकडं, दुसरी उजवीकडं पण जरा उशिरा, समजा १५ मिलिसेकंदांनी. तेवढ्यात आवाज साधारण पाच मीटर जातो, म्हणजे ओसरीपासून गोठ्यापर्यंत. एवढा थोडा उशीर असला की कानाला दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच ऐकू येतो, पण पसरलेला, आणि आधीच्या बाजूला झुकलेला. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात. हेडफोनमध्ये छान लागतो. मोनोत मात्र आवाजातले काही सूर एकमेकांना खातात, काही वाढतात, आणि बाई रिकाम्या घागरीत तोंड घालून गातेय असं वाटतं. आजींच्या बाबतीत झालं तसा आवाज नाहीसा होत नाही, पण विचित्र होतो. आणि ही प्रत मिसळून गेली की माझ्यासारखी वजाबाकी करून ती परत सोडवता येत नाही. मी नशिबानंच सगळ्यात मूर्ख रीत निवडली होती, तिच्यातून परतीची वाट होती.

आता प्लगइन. प्लगइन म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं अवजार, जसं एकाच मिक्सरला वाटणाचं भांडं वेगळं, चटणीचं वेगळं. ऑडॅसिटीला ती जोडता येतात, आणि ३.२ पासूनच्या आवृत्तीत गाणं वाजत असतानाच बटण फिरवून फरक ऐकता येतो, मूळ आवाज न बदलता. त्यामुळं जुनी आवृत्ती असेल तर नवी घ्या.

मी तीन वापरते. पॉलिव्हर्स कंपनीचं वायडर. त्यात एकच मोठं बटण, फिरवलं की आवाज पसरतो. मोबाईलच्या एका माईकच्या आवाजावरही चालतं. आणि ते बनवतानाच अशी काळजी घेतली आहे की दोन बाजूंची बेरीज केली तर मूळ आवाज परत मिळावा. म्हणजे मी केलं तसं होत नाही. नवशिक्या बाईनं सुरुवात यानंच करावी असं माझं मत. दुसरं व्हॉक्सेंगो कंपनीचं एमएसईडी. हे दिसायला रूक्ष, पण मला सगळ्यात आवडतं, कारण ते रोकडवहीसारखं आहे. ते आवाजाची बेरीज आणि फरक सुटे करून देतं. बेरजेला मिड म्हणतात, फरकाला साइड. साइड थोडं वाढवलं की गाणं रुंद होतं, कमी केलं की अरुंद. साइड पूर्ण बंद केलं की रेडिओवर काय ऐकू येईल ते तिथंच कळतं. पंचमीच्या आधी हे बटण मी एकदा दाबलं असतं तर आज मला बोलायला विषयच नसता.

तिसरं आयझोटोप कंपनीचं ओझोन इमेजर. यात आवाजाचं चित्र दिसतं आणि बाजूला एक काटा असतो. काटा वर अधिक एकच्या बाजूला असेल तर डावं-उजवं जुळलेलं आहे. शून्याजवळ असेल तर दोन्हीकडं वेगवेगळं काही चाललंय, तेही चालतं. काटा खाली वजा एककडं जाऊन तिथंच बसला तर समजा दोन्ही बाजू एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि मोनोत काहीतरी जाणार आहे. माझी ती फाईल नंतर यात घालून बघितली. जिथं बाया गात होत्या तिथं काटा वर. आजींची ओळ आली की खाली. पारावर ज्या जागा रिकाम्या गेल्या, त्या एकेक करून काट्यानं दाखवल्या.

ही सगळी कॉम्प्युटरवर चालतात, मोबाईलवर नाही. फुकट म्हणजे खरंच फुकट. ज्या कंपनीनं बनवलं तिच्याच वेबसाईटवरून घ्या. फार तर ईमेल पत्ता मागतील. कोणी कार्डाचा नंबर मागितला किंवा महागडं सॉफ्टवेअर फोडून फुकट देतो म्हणाला तर हात लावू नका. एका संघाच्या लॅपटॉपमध्ये असंच काहीतरी आलं आणि वर्षभराच्या नोंदी अडकल्या. गाण्यापायी वह्या घालवायच्या नाहीत.

पण माझ्या मते रुंदीसाठी सगळ्यात चांगलं अवजार प्लगइन नाहीच. ते आहे दुसऱ्यांदा गाणं. फेरात नऊ जणी आहेत. एकदा सगळ्यांनी गायलं, ते डावीकडं टाका. पुन्हा सगळ्यांनी तेच गायलं, ते उजवीकडं टाका. माणूस दोनदा गाताना कधीच हुबेहूब गात नाही. श्वास जरा पुढं-मागं, सूर जरासा वरखाली. तो फरक खरा असतो, म्हणून कानाला अठरा बाया फेर धरून उभ्या राहिल्यासारख्या वाटतात. आणि मोनोत बेरीज केली तरी काही नाहीसं होत नाही, कारण त्या एकमेकींच्या उलट नाहीत, नुसत्या वेगळ्या आहेत. आमच्या बायांनी नाक मुरडलं, पुन्हा तेवीस कडवी कोण म्हणणार. मी भजी आणली.

मग गाणं नव्यानं बांधलं ते असं. आजी मधोमध, एकच प्रत, काहीही न करता. मुख्य गाणारीला मध्येच ठेवायचं. ढोलकीही मध्येच, कारण तिची जाड धूम पसरवली की ठेका ढिला पडतो. बाया डावी-उजवीकडं. पण अगदी कडेला नाही, थोड्या आत. याचं कारण मला दोन मुलींनी शिकवलं. शाळेच्या गाडीत त्या एकच इअरफोन दोघींत घालून गाणी ऐकत होत्या, एकीला डावा, एकीला उजवा. मी मनात म्हटलं, एकीला अर्धंच गाणं मिळतंय की. आपल्याकडं हे सर्रास चालतं, शेतात, गाडीत, झोपताना. म्हणून एका बाजूला एखादी गोष्ट पूर्ण एकटी टाकू नये. टाळांवर वायडर थोडंसं लावलं, अर्ध्याहून कमी. एवढंच.

पाठवण्याआधी तीन ठिकाणी ऐकलं. हेडफोनवर. मग मोबाईलच्या स्पीकरवर, चुलीजवळ भाकरी चालू असताना, कारण ऐकणारी तशीच ऐकणार आहे. आणि तिसऱ्यांदा ऑडॅसिटीत स्टिरिओचं मोनो करून. ज्या गाण्याचे शब्द भाकरीच्या थापटण्यातून पोचत नाहीत ते कितीही रुंद असलं तरी मला नको. आपल्याकडं हेमा रायरकर आणि गी पॉयटविन यांनी तीन हजारांहून अधिक बायांच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या. पारी नावाच्या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. आपण ऐकतो तेव्हा ती बाई काय म्हणाली तेच शोधत असतो.

आणि मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. मी आता दोन ठिकाणी ठेवते. लॅपटॉपमध्ये, एका मेमरी कार्डात, आणि ते कार्ड गटाच्या पेटीत, वह्यांबरोबर. पेटीची किल्ली खजिनदारबाईंकडंच आहे. कार्डावर त्यांनी स्वतः चिकटपट्टी लावून आजींचं नाव लिहिलंय. ज्या गटांना आपली गाणी अशी ठेवायची असतील त्यांनी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी प्रभागसंघाच्या कार्यालयात यावं. लॅपटॉप तिथं असतो, मी असते. येताना गाणं येणारी बाई आणा, नुसतं रेकॉर्डिंग नको. आजींची एक चूक मला कात्रीनं दुरुस्त करता आली, दीर आणि जाऊ यांची कडवी अदलाबदल करून. पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते आजींनीच सांगितलं होतं.

आजींची तब्येत आता बरी आहे, फक्त गायला बंदी आहे. आत्ता त्या घरी रेडिओ लावून बसल्या आहेत, मला निघतानाच बजावलंय की फार बडबड करू नको, गाण्याला वेळ ठेव. ठेवला आहे. तेच गाणं आता लावतोय. हेडफोन असेल तर घाला, नसेल तर असंच ऐका. ज्या दोघी एक इअरफोन वाटून ऐकताहेत त्यांनी पाचव्या कडव्यानंतर कान बदलून बघा. ढोलकी सुरू झाली की चौथ्या ठेक्यावर आजींची ओळ येते.